बॉलपेनची रेघ

सहा तास पाय हलवायचा नाही,
म्हणाली मुजावर सिस्टर,
आणि जांघेवर ठेवली वाळूची पिशवी.
मला हसू आलं.
शिरोलीच्या फौंड्रीत बत्तीस वर्षं
मी वाळू ठोकली साच्यात,
तिच्यात ओतलं रटरटतं लोखंड
आणि निवेपर्यंत
कुणाला बोट लावू दिलं नाही.
आता मी निवत पडलो होतो.

मनगटातून जमलं नव्हतं.
शीर आकसली, डॉक्टर म्हणाले, भ्याली असेल.
मग खालून गेले.
तार वर चढताना काही कळत नाही,
फक्त एकदा छातीभर ऊन सांडल्यासारखं,
आणि पडद्यावर माझ्याच काळजाच्या फांद्या
पाला झडलेल्या बाभळीगत
हलताना.
मोठं काही नाही. गोळ्यांवर भागेल.

घरी आलो. तिसऱ्या दिवशी
मांडीवर वांग्याच्या सालीचा रंग चढला.

गंगावेशीतून आण्णाप्पा आला, दोन शहाळी घेऊन.
"दाव की, कुठनं घातली तार?"
मी म्हटलं, बस, चहा घे.
सगळे हृदयाचं विचारतात.
हृदय बरं आहे, बाबांनो.
दुखतंय ते
चारचौघांत धोतर सोडल्याबिगर
दाखवता येत नाही.

सिस्टरनं सांगून ठेवलं होतं,
डागाच्या कडेनं पेनानं रेघ मारा,
रेघ ओलांडून पसरला, तर लगेच या.
म्हणून पद्मा रोज सकाळी
दूध तापवून, दार लोटून,
चष्मा नाकावर सारून खाली बसते.
दुधाच्या हिशेबाचं निळं पेन.
डाग पसरला न्हाई, नुसता उतरलाय,
असं स्वतःशीच म्हणते,
रेघ मारते, शेजारी तारीख घालते,
पुराचं पाणी कुठवर आलं होतं
ते भिंतीवर वर्षासकट लिहितात, तशी.

एकोणचाळीस वर्षांच्या संसारात
एवढ्या उजेडात तिनं मला पाहिलं नव्हतं.
पहिल्या दिवशी मी भिंतीकडं तोंड केलं.
"लाजताय काय? गप पडा."
तिच्या बोटांना मेथीचा वास.

पाचव्या दिवशी कडा हिरवट झाली.
सहाव्या दिवशी जांभळं पाणी
गुडघ्याकडं सरकलं, जणू उताराला लागलेलं.
सातव्या दिवशी, का कुणास ठाऊक,
मी विचारलं,
तुझी पिशवी काढली तेव्हा
टाके कोण बघत होतं गं?

त्या आठवड्यात माझी रात्रपाळी होती.
पंपाच्या बॉड्यांची ऑर्डर होती, भट्टी बंद ठेवता येत नव्हती.
डबा घेऊन मी सीपीआरला जायचो,
खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो,
बरं हाय न्हवं, म्हणायचो,
आणि सायकल काढायचो.

तिचं पेन थांबलं नाही.
"आरसा होता की," ती म्हणाली.
"हातातला. तुमचा दाढीचा."

रेघ तेवढी जराशी वाकडी गेली.

मग ती उठली. दार उघडलं.
बाहेर शेजाऱ्यांचं पोरगं फटफटीला किका मारत होतं,
एक, दोन, पाच,
लागली शेवटी.

आज बारावा दिवस.
हळद कालवून ठेवल्यासारखी मांडी पिवळी,
आत बोटाला लागते हरभऱ्याएवढी गाठ.
ती विरघळेल म्हणतात. महिना, दीड महिना.
पद्मानं पेन वहीत ठेवून दिलं.
सकाळी दार लोटायला कुणी आलं नाही,
मी मात्र वेळेवर
लुंगी सावरून पडून राहिलो होतो.

न्हाणीत साबण लावला.
निळ्या रेघा एकाखाली एक, अजून आहेत.
फार घासल्या नाहीत.
दाढी करायला आरसा उचलला,
त्याच्या कोपऱ्यातला पारा उडालाय,
किती वर्षं झाली कोण जाणे.
मी तो पुसला,
आणि चुलीपाशी नेऊन
तिच्या हातात दिला.
"हे काय?"
म्हटलं, काही नाही.
धर जरा.